श्रेय सुईला की गोळीला? सोलापुरातल्या एका जोडप्याचं प्रकरण

नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घडलेलं लिहायला संबंधित बाईंची परवानगी आहे. मी सोलापुरात ॲक्युपंक्चर करते. माझी नोंदणी त्याचीच आहे, मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. पुढचं वाचताना हा फरक लक्षात असू द्या, कारण सगळं प्रकरण त्याच्याभोवतीच फिरतं.

पार्श्वभूमी

२०२३च्या जानेवारीत, सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा अजून उठायचा होता तेव्हा सविता पहिल्यांदा आली. वय २९, लग्नाला पाच वर्षं. सोबत सासू. नवरा खाली गाडीवर मोबाइल बघत बसला होता. तो वर का आला नाही, हे मी विचारलं नाही.

माहेर मोहोळ तालुक्यातलं, सासर शहराच्या पूर्व भागात. नवरा नागेश अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या रंगखान्यात कामाला. सासूबाई घरी विड्या वळतात, आणि लग्नानंतर सविताही वळायला शिकली होती. सासूबाईंना ती ‘आत्या’ म्हणायची.

पाळी कधी चाळीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पीसीओडी, म्हणजे अंडं वेळेवर तयार होऊन फुटत नाही असा त्रास, सांगितला होता. तीन महिने गोळ्या झाल्या, गुण दिसला नाही, मग सोडल्या. त्यानंतर कुणाच्या तरी ओळखीने ‘चायनीज गोळ्या’ सुरू झाल्या होत्या. सविताने पिशवीतून त्या काढून दाखवल्या. झिपची प्लास्टिक पिशवी, आत मिऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या. लेबल नाही, घटक नाहीत, तारीख नाही. महिन्याला १२०० रुपये.

सासूबाईंचा प्रश्न सरळ होता. “बारा सुयांत होतंय म्हणे, खरं का ओ मॅडम?” आणि पुढे, “आपले कोटणीस डॉक्टर चीनलाच गेलते की. मग हे औषध खात्रीचंच असणार.”

सोलापुरात हे वाक्य मला महिन्याला एकदा तरी ऐकायला मिळतं. भय्या चौकातलं कोटणिसांचं स्मारक सगळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून मी दरवेळी तेच सांगते. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले ते जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला. ते सर्जन होते, आणि १९४२मध्ये तिथेच वारले. सुयांची विद्या भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी. १९५८-५९च्या सुमारास ते पुन्हा चीनला जाऊन शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली. कोटणिसांच्या नावावर सुया खपवणं मला पटत नाही. सासूबाईंना मात्र हे ऐकून माझ्यावर जास्तच विश्वास बसला, त्याला माझा इलाज नव्हता.

अडचण

वरवर अडचण एकच होती: मूल होत नाही. खोलात गेल्यावर चार निघाल्या. पाळी अनियमित होती, पण उपचार अर्धवट सुटले होते. पोटात काय जातंय हे कुणालाच माहीत नव्हतं. पाच वर्षांत नवऱ्याची एकही तपासणी झाली नव्हती. आणि घरातल्या सगळ्यांना बारा बैठकांत निकाल हवा होता.

पाचवी अडचण मला तेव्हा दिसलीच नाही. सविता स्वतः जवळजवळ बोललीच नव्हती. विचारलं की ती आत्यांकडे बघायची, आणि उत्तर आत्या द्यायच्या.

समोरचे पर्याय

लगेच सुया सुरू करणं हा सगळ्यात सोपा पर्याय. सासूबाईंना तेच हवं होतं, आणि माझ्या खिशालाही तेच सोयीचं होतं, हे कशाला लपवायचं? बैठकीचे ४०० रुपये, बाराचं पॅकेज. पण २०१७मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेला चीनमधलाच अभ्यास मी वाचलेला होता. पीसीओडीच्या १००० बायका, चार गट. क्लोमिफेनची, म्हणजे अंडं तयार व्हायला मदत करणारी गोळी आणि खऱ्या सुया दिलेल्या गटात २९.४ टक्के बायकांना मूल झालं. गोळी आणि लुटुपुटुच्या सुया दिलेल्या गटात २८ टक्के. गोळीच्या जागी नुसती साखरगोळी दिली, तेव्हा खऱ्या सुयांना १३.९ आणि लुटुपुटुच्या सुयांना १६.८. पारडं हललं ते गोळीने. सुईने नाही.

टेस्ट ट्यूब बेबीचंही तसंच. २००२मध्ये जर्मनीतल्या १६० बायकांच्या अभ्यासात सुया घेतलेल्यांत ४२.५ टक्के आणि न घेतलेल्यांत २६.३ टक्के गर्भ राहिले, आणि त्या आकड्यांवर आमच्या धंद्यातले किती बोर्ड रंगले याची गणती नाही. २०१८मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ८४८ बायकांवर मोठा अभ्यास झाला. जिवंत बाळ खऱ्या सुयांना १८.३ आणि लुटुपुटुच्या सुयांना १७.८ टक्के. म्हणजे फरक नाहीच. तो आकडा मी अजून कुठल्या बोर्डावर पाहिलेला नाही.

दुसरा पर्याय, सुयांना हात न लावता तिला सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवणं. शास्त्राला धरून हेच बरोबर. पण ती तिथून एकदा सुटून आलेली होती. नुसतं “तिकडे जा” म्हटलं असतं तर ती गेली नसती. काळ्या गोळ्यांच्या माणसाकडे परत गेली असती.

तिसरा पर्याय सासूबाईंच्या भावाने सुचवलेला: पुण्याला जाऊन थेट टेस्ट ट्यूब. त्यासाठी मोहोळचं एक एकर विकायची तयारी चालली होती. नवऱ्याची साधी तपासणी न करता जमीन विकायला निघालेली माणसं मी याआधीही पाहिली आहेत.

चौथा पर्याय मी निवडला. सुया करायच्या, पण अटींवर. काळ्या गोळ्या आजपासून बंद. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नाव नोंदवायचं आणि त्यांची फाइल मला दाखवायची. नवऱ्याचा रिपोर्ट आल्याशिवाय पहिली सुई नाही. आणि हे सगळ्यांसमोर सांगायचं की सुईने मूल होईल असं मी म्हणत नाही. झोप लागेल, पाळीच्या वेळचं दुखणं कमी वाटेल, अर्धा तास कुणी काही न विचारता पडून राहता येईल. एवढंच.

असं बोललं की निम्मे लोक उठून जातात. सासूबाई उठल्या नाहीत. सविताने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “पडून राहायचं, एवढंच?”

काय केलं

गोळ्यांचं आधी. बेल्जियममध्ये १९९०च्या सुमाराला वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात चिनी वनस्पतीच्या कॅप्सूल दिल्या जात होत्या. त्यात एका मुळीच्या जागी दुसरीच, ॲरिस्टोलोकिया जातीची मुळी आली, आणि शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं खराब झाली. कित्येकींना डायलिसिस, प्रत्यारोपण. बिनलेबलाच्या पिशवीची मला भीती वाटते ती यामुळे. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं सविताचं क्रिएटिनिन ०.८, म्हणजे ठीक आलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. ती पिशवी माझ्या कपाटात अजून आहे. फेकायची राहून गेली आणि आता दाखवायला उपयोगी पडते.

नागेशला वर आणायला तीन आठवडे लागले. शेवटी मीच खाली गेले. “मला काय झालंय? मी धडधाकट आहे,” तो म्हणाला. गाल तंबाखू-सुपारीच्या मव्याने फुगलेला. मी म्हटलं, “नागेशराव, तिच्या पाच वर्षांत किती तपासण्या झाल्या मोजा. तुमची एक. तीही सुईची नाही.” तो हसला, आणि गेला. शुक्राणू मिलिलिटरला ९० लाख. जागतिक आरोग्य संघटनेची खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. हालचालही कमी. डॉक्टरांनी तपासून दोन गोष्टी सांगितल्या: मावा बंद, आणि रंगखान्यात वाफेच्या टाकीजवळची जागा शक्य असेल तर बदला. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून पुढची तपासणी तीन महिन्यांनी. त्याने मुकादमाला सांगून पॅकिंगला बदली घेतली. पगार थोडा उतरला. घरात त्यावरून कटकट झाली, पण तो हटला नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सविताचा थायरॉइड तपासला. तो ५.८, म्हणजे थोडा बिघडलेला निघाला, छोटी गोळी सुरू झाली. वजन पाच किलोंनी उतरवायला सांगितलं. नागेशचा दुसरा रिपोर्ट मे महिन्यात १ कोटी ९० लाख आला. त्यानंतर जूनपासून अंडं तयार व्हायला मदत करणारी लेट्रोझोलची गोळी, पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस, आणि अंडं वाढतंय का हे बघायला सोनोग्राफी.

माझ्याकडे दर मंगळवारी दुपारी. सुई अगदी बारीक, पाव मिलिमीटरची. गुडघ्याखाली चार बोटांवर, मनगटाच्या आतल्या बाजूला, पोटावर बेंबीखाली. टोचल्यावर जो जड, ओढल्यासारखा भाव येतो त्याला चिनी लोक ‘द-ची’ म्हणतात. सविता म्हणायची, “मुंगी चावून झोपली की.” अंडं फुटल्याचं सोनोग्राफीत दिसलं की पोटावरच्या, घोट्याच्या वर आतल्या बाजूच्या आणि अंगठा-तर्जनीमधल्या जागा मी सोडून द्यायची. गरोदरपणात त्या टोचू नयेत असं आमची परंपराच सांगते, आणि राहिलंय की नाही हे त्या पंधरवड्यात कुणाला ठाऊक असतं?

तिसऱ्या फेरीला राहिलं. ऑगस्टच्या १२ तारखेची पाळी शेवटची ठरली.

श्रेयाचा घोळ इथेच सुरू झाला. लेट्रोझोल, थायरॉइडची गोळी, सुटलेला मावा, बदललेली जागा, पाच किलो वजन. एवढं सगळं एकीकडे. पण सासूबाईंनी गल्लीत सांगितलं, “सुईनं झालं.” पंधरा दिवसांत त्या गल्लीतल्या चार बाया आल्या. त्यातल्या एकीने डॉक्टरांच्या गोळ्या ‘सुईसाठी’ बंद केल्या होत्या. तिला परत पाठवलं. पण खरं सांगायचं तर, पहिल्या दिवशी ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

गरोदरपण, आणि माझी चूक

सुरुवातीच्या उलट्यांना मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधली जागा दाबायला शिकवली. तिला आराम वाटायचा. त्यामागचा पुरावा फार भक्कम नाही, पण दाबण्याने अपाय नाही, म्हणून चालू ठेवलं. विड्यांचं मी डॉक्टर बाईंना विचारलं. त्यांनी तंबाखूची धूळ आणि हात दोन्ही लांब ठेवायला सांगितलं. सासूबाई सूप घेऊन ओट्यावर बसायला लागल्या. वळणारे दोन हात कमी झाले की आठवड्याचा हिशोब किती तुटतो, हे त्यांनी मला एकदाही ऐकवलं नाही.

३३व्या आठवड्यात, मार्चच्या शेवटी, बाळ पायाळू असल्याचं कळलं. या बाबतीत आमच्याकडे एक जुना उपाय आहे: पायाच्या करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याला मोक्साचा शेक. मोक्सा म्हणजे आपल्या दवण्याच्याच कुळातल्या एका झाडाची वाळकी पानं कुटून केलेली कांडी. कांडी बघून सासूबाई म्हणाल्या, “ही तर मोठी विडीच की!” आणि बोटांत फिरवून वळण कसं सैल आहे ते मला दाखवलं. या उपायामागे थोडा तरी आधार आहे. १९९८च्या चीनमधल्या अभ्यासात शेक घेतलेल्या १३० पैकी ९८ बाळं ३५व्या आठवड्यापर्यंत डोक्यावर आली, न घेतलेल्या १३० पैकी ६२.

आणि इथे मी चुकले. सविताने सोनोग्राफीच्या कागदाचा फोटो पाठवला. ‘ब्रीच’ हा शब्द दिसला आणि मी थांबले. तिसऱ्याच ओळीत वार (प्लासेंटा) खाली, गर्भाशयाच्या तोंडापासून १८ मिलिमीटरवर असल्याचं लिहिलं होतं. ते मी वाचलंच नाही. डॉक्टर बाईंना फोनही केला नाही. “उद्या करू” म्हणून राहिला. दोन दिवस शेक दिला. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्याने जास्त लागलं. “वार खाली असताना तुम्ही बाळ फिरवायला निघालात? रक्तस्राव झाला असता तर ती माझ्याकडे आली असती, तुमच्याकडे नाही.”

काही झालं नाही. त्या वाक्याच्या आड मी लपणार नाही. दोन दिवसांत काही झालं नाही हे माझं नशीब होतं.

बाळ पायाळूच राहिलं. ६ मेला, शहरात दुसऱ्या दिवशी लोकसभेचं मतदान होतं तेव्हा, ठरवून सिझर झालं. मुलगी, २ किलो ७०० ग्रॅम. रक्त थोडं जास्त गेलं.

बाळंतपण

आठव्या दिवशी ती माहेरी गेली. पहिलं बाळंतपण, रीत तीच. आईने सगळं साग्रसंगीत केलं: शेक-शेगडी, धुरी, कानाला टोपरं, अळीव, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा. चीनमध्येही बाळंतिणीला महिनाभर घरात ‘महिना बसवतात’. गार पाणी नाही, वारा नाही, आलं आणि लाल खजुराचे सूप. दोन संस्कृतींत एवढं साम्य बघून मला पूर्वी फार कौतुक वाटायचं. पण सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, खिडक्या लावून शेगडीशेजारी बसवलेल्या बाईला कुठला वारा लागणार आहे? चिनी पुस्तकातला गार वारा तिकडच्या हिवाळ्याचा असावा.

बाविसाव्या दिवशी सविताच्या आईचा फोन आला. “बाळाकडं बघतच नाही. झोपत नाही. दूध पाजती अन् भिंतीकडं बघती. दृष्ट काढली. तुमच्या सुया टोचून बघता का?” एका नातेवाइकाने ‘दुधासाठी चिनी काढ्याची पाकिटं’ही आणून ठेवली होती.

दोन दिवसांनी ती आली. अंगात स्वेटर, कानात कापूस, पायात मोजे, आणि तळवे घामाने ओले. बाळ आजीच्या मांडीवर. सविता वर बघत होती. मला वाटलं छताकडे. मग तिने हळूच विचारलं, “पंखा लावला तर चालंल का?”

माझ्या हाताशी सुयांचा ट्रे तयार होता. मी तो झाकला आणि कप्प्यातून बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिनबरा प्रश्नावली काढली. दहा प्रश्न, १९८७ साली बाळंतिणींसाठीच बनवलेले, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. माझ्याकडे ती चार वर्षं पडून होती. वापरली त्या दिवशी पहिल्यांदा. आईला बाहेर बसवलं. सविताला अक्षरं लागेनात, म्हणून मी प्रश्न वाचून दाखवले. बेरीज तीसपैकी १७. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. ती म्हणाली, “कधी कधी. आडाकडं गेलं की.”

सुया टोचल्या नाहीत. तिच्यासमोरच डॉक्टर बाईंना फोन लावला. या वेळी ‘उद्या’ नाही. संध्याकाळी मानसोपचारतज्ज्ञांनी बघितलं. तिला एकटं ठेवायचं नाही, रात्रीचं एक पाजणं वरच्या दुधाने आईने करायचं म्हणजे तिला सलग पाच तास झोप मिळेल, आणि दूध पाजताना चालणारी गोळी. हिमोग्लोबिन ८.४ निघालं, शिरेतून लोह दिलं. पाकिटं मी ठेवून घेतली. स्वेटर तिने माझ्याकडेच काढला.

निष्पत्ती

पाचव्या-सहाव्या आठवड्यात फरक दिसायला लागला. पहिली खूण तिच्या आईने सांगितली: सविता चहात साखर कमी पडल्याची तक्रार करायला लागली. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढे बरेच महिने चालली. त्या काळात माझ्याकडे ती पाठ आणि मनगट दुखतं म्हणून पाच वेळा आली. त्याचे पैसे मी घेतले. बाराच्या शेवटच्या पॅकेजमधल्या उरलेल्या बैठकांचे परत केले. जमीन विकली गेली नाही. नागेश अजून पॅकिंगलाच आहे. मावा मध्ये एकदा सुरू झाला, पुन्हा सुटला.

आज परत करायचं झालं तर

पहिल्या दिवशी जोडप्यातला एकच वर आला, तर मी पहिली भेट तिथेच थांबवेन. तीन आठवडे वाया गेले ते माझ्या भिडेमुळे. पॅकेज मी बंद केलं आहे. बाराचा आकडा पेशंटच्या डोक्यात निकालाची तारीख होऊन बसतो.

सोनोग्राफीचा कागद आता मोबाइलवर बघत नाही. मूळ कागद, प्रत्येक ओळ, आणि गरोदर बाईच्या बाबतीत काहीही करण्याआधी तिच्या डॉक्टरांचा होकार लेखी. डॉक्टर बाईंनी त्या प्रकारानंतर माझ्याशी बोलणं तोडलं नाही, हे त्यांचं मोठेपण. त्यांच्या जागी मी असते तर सांगता येत नाही.

पण जास्त खुपतं ते वेगळंच. फेब्रुवारीत, सातव्या महिन्यात, सविता सुया लावून पडलेली असताना म्हणाली होती, “मॅडम, मुलगी झाली तर? अन् मला माया आलीच नाही तर?” मी म्हटलं, “सगळ्यांनाच असं वाटतं,” आणि टायमर लावून बाहेर गेले. झोप लागत नाही हे तर ती दोन महिने सांगत होती. मी त्यावर सुया टोचत होते. तिला अर्धा तास शांतता मिळावी ही माझी पहिल्या दिवसाची कल्पना वाईट नव्हती, पण त्या अर्ध्या तासात ती बोलत होती आणि मी शांतता देत बसले होते. प्रश्नावली आता आठव्या महिन्यातच एकदा भरून घेते, सासू-आई दोघींना बाहेर बसवून. फाइलच्या आतल्या बाजूला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा नंबर चिकटवते.

घरच्यांना दोष द्यावा का? मला नाही वाटत. त्यांनी त्यांना माहीत होतं ते सगळं केलं, जीव लावून केलं. स्वेटर काढ म्हणायचा अधिकार त्या घरात डॉक्टरांनंतर माझाच होता. आठव्या दिवशी ती माहेरी निघाली तेव्हा एक फोन करून मी ते म्हणू शकले असते.

गेल्या महिन्यात सविताची धाकटी जाऊ आली. लग्नाला तीन वर्षं. सोबत सासूबाई, आणि त्यांच्या कडेवर सविताची मुलगी, तोंडात बिस्कीट. मी फाइल उघडून नाव लिहायला लागले, तोच सासूबाई खिडकीपाशी गेल्या आणि खाली गाडीवर बसलेल्या धाकट्या पोराला ओरडल्या, “ए, तू पण वर ये. तुझीबी तपासणी हाय.”